मोकळ्या खोलीतली बाई

१

सोमवारी सकाळी मोकळ्या खोलीच्या कडीला चपलांची माळ लटकत होती. जुन्या, झिजलेल्या चपला, पॅकिंगच्या सुतळीत ओवलेल्या. वरची पाटी तशीच होती: 'येथे बोललेले येथेच राहील.' त्यातल्या 'येथेच'वर कुणीतरी बोटानं ग्रीस फासलं होतं.

माळ सुमैरा मॅडमसाठी होती. त्या नगरहून आठवड्यातून दोनदा यायच्या, त्या खोलीत बसायच्या आणि ज्याला जे बोलायचं ते ऐकून घ्यायच्या. आमच्या कारखान्यात रबरी सील आणि वायसर बनतात. सुप्याच्या एमआयडीसीत असे कारखाने पुष्कळ, पण कामगारांच्या तब्येतीसाठी उपक्रम काढणारे आपणच, असं मोठे साहेब पाहुण्यांना सांगत. उपक्रमाचं नाव 'निरामय'. नावात आराम ऐकू आला म्हणून कामगार खूश झाले. वाट्याला आला तो बिनसाखरेचा चहा, सकाळची योगासनं, रक्ततपासणी आणि ही मोकळी खोली.

मी रेश्मा, टाइम ऑफिसला असते. कोण कधी आत आलं ते यंत्र नोंदवतं. मान वर करून आलं की खाली घालून, ते मी मनातल्या मनात नोंदवते. प्रत्येकाचं माझ्याकडे एक खातं आहे, जमा आणि नावे. रबर दाबून साच्यात घालणाऱ्या तापत्या प्रेसवरच्या गोरक्षनाथच्या नावे शुक्रवारपर्यंत काहीच नव्हतं. शनिवारी तो आला नाही. सोमवारी त्याच्याऐवजी त्याची बायको ज्ञानेश्वरी गेटवर येऊन उभी राहिली.

मी तिला आत घेतलं. मागोमाग सुमैरा मॅडम आल्या आणि खुर्ची असून तिच्याजवळ बाकावर बसल्या.

"शुक्रवारी जेवत हुते," ज्ञानेश्वरी म्हणाली. "फोन आला. हात खरकटा, म्हणून मला म्हनले स्पीकरवर टाक. बाईचा आवाज. गोड, पुस्तकातल्यावानी. म्हनली, गोरक्षनाथ, तुम्हाला अमुक आजार आहे आणि तो तुम्ही कंपनीपासून लपवला आहे. राजीनामा द्या, अन्यथा सर्वांना समजेल. ह्यांचा घास हातातच राह्यला. उठले, हात धुतला, बाहेर गेले. त्ये गेलेच."

"कुठला आजार म्हणाली?"

"लई मोठं नाव हुतं. शेवटी 'मार' हुतं, येवढंच ध्यानात राह्यलं. ह्यांना कवातरी फिट येती, ती मला लग्नाआधीपासून ठाव हाय. त्ये न्हवतं. हे दुसरंच कायतरी निघालंय."

"गावी, खर्ड्याला, बघितलं?"

"घरी न्हाईत. दिरानं शिवारातल्या इहिरी बघितल्या." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "मी एक बी बघितली न्हाई. मला कुनी बघायला सांगू नका."

खिडकीबाहेर पहिल्या पाळीची माणसं जमली होती. कुणीतरी मुद्दाम ऐकू जाईल असं म्हणालं, "गोड बाई आत बसलीय बघ."

ज्ञानेश्वरीनं मान वर केली आणि सुमैरा मॅडमकडे निरखून पाहिलं.

"आवाज तुमचा न्हवता," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पन भाषा तुमचीच हुती."

२

पोलिसांनी माणूस हरवल्याची तक्रार घेतली. गोड आवाजाची तक्रार कशी लिहायची हे त्यांना कळेना, म्हणून ती राहिली.

कारखान्यात मात्र त्या आवाजाशिवाय दुसरा विषय नव्हता, आणि तोही कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. फोन आणखी काही जणांना आले होते, दर वेळी नव्या नंबरवरून. दोघांनी कारण न देता राजीनामे दिले होते, आणि आम्हाला वाटलं होतं की दुसरीकडे बरी नोकरी लागली. आता माणसं डबे घेऊन लांब लांब बसायला लागली. मोबाईल वाजला की ज्याचा वाजला तो सोडून बाकीचे त्याच्याकडे बघत.

सुमैरा मॅडमनी चपलांची माळ स्वतः सोडली. "एकाची जोडी लागत नाही यात," त्या म्हणाल्या, "नाहीतर वापरल्या असत्या." मग त्या माझ्याकडे वळल्या. "रेश्माताई, तुम्ही माणसांचे हिशेब ठेवता म्हणतात. मला मदत करा. गोरक्षनाथ परत आला नाही, तर हे दार मी पुन्हा उघडायची नाही. उघडलं तरी कोण येईल?"

"पण तुम्ही कुणाला काही सांगितलंत का? घरी, नवऱ्याला?"

"शौहरना मी भाजी काय केली तेवढंच सांगते, तेही त्यांनी विचारलं तर."

म्हणजे कुणीतरी ऐकत होतं. खोली अशी: एका भिंतीपलीकडे कॅन्टीनचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाजूला प्लायवूडचं पार्टिशन आणि त्यामागे योगाच्या चटया. आत एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा जग, आणि स्टँडवर एक टॅब, त्याचं नाव 'मनमित्र'. आत येणाऱ्यानं त्यावर आपलं नाव आणि हसरा किंवा रडका चेहरा दाबायचा, एवढंच त्याचं काम. सुरुवातीला तो काहीतरी बोलायचा, पण मॅडमनी त्याचा आवाज बंद करून टाकला होता.

"समोरचा रडत असताना ते मधेच नमस्कार करायचं," त्या म्हणाल्या.

आधी कॅन्टीनवाले बाबाजानचाचा. उपक्रमानं त्यांची कांदाभजी बंद केली होती, म्हणून मी त्यांच्या नावे राग लिहून ठेवला होता.

"राग हाय, न्हाई कशाला म्हनू," चाचा पातेलं घासता घासता म्हणाले. "पन बेटी, मी कांद्याची भजी तळतो, कुनाच्या दुखन्याची न्हाई. अन् हितं एक्झॉस्ट पंखा सुरू झाला की माझंच बोलनं मला ऐकू येत न्हाई. उभी राहून बघ."

मी उभी राहिले. मॅडम पलीकडून बोलल्या. पंखा घरघरत राहिला, शब्द एकही आला नाही. चाचांना मी जमेला घेतलं.

मग प्रेसवरचे छगनकाका. त्यांना रविवारी फोन आला होता, आणि ते घाबरण्याऐवजी चक्रावले होते.

"ती बया म्हनली, तुमच्या थोरल्या मुलाला मधुमेह आहे आणि हे तुम्ही लपवले आहे. आता माझं पोरगं म्हंजी बैल हाय निस्ता, त्याला कुठला आलाय मधुमेह? मी मॅडमला सहज बोल्लो हुतो, थोरला शुगरला हाय म्हनून."

"शुगर फॅक्टरीत?"

"मग? बॉयलरवर. आमच्या घरात शुगर ती तेवढीच."

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. नगर जिल्ह्यात 'शुगरला हाय' म्हटलं की तो साखर कारखान्यात कामाला आहे, हे शेंबड्या पोरालाही समजतं. शुगर झाली असेल तर 'शुगर हाय' म्हणतात, 'शुगरला' नाही. त्या एका 'ला'ची गफलत इथला माणूस करणार नाही.

कारखान्यात बाहेरची अशी एकच होती, योगा शिकवणारी आरती, नागपूरची. आणि चटयांची खोली तिच्याच ताब्यात होती.

३

"मी काऊन कोणाचं ऐकू जी?" आरतीचा आवाज चढला, मग फुटला. "मला तुमची अर्धी भाषाच समजत नाही. 'गेल्तो' म्हणे, 'हुतं' म्हणे. मला इथून काढून टाकतील नं आता?"

पार्टिशनमधून ऐकू येत होतं, हे आम्ही पाहिलं. भाषा समजत नव्हती, हे तीच सांगत होती. दोन्ही गोष्टी तिच्या नावे पडल्या.

एचआरचे आदिनाथ सर आम्हाला आपण होऊन भेटले. 'निरामय' त्यांनीच उभा केला होता, चटयांपासून टॅबपर्यंत सगळं त्यांच्या पसंतीचं. माणूस मृदू. कामगारांशी बोलताना कोपरापर्यंत बाह्या दुमडायचा.

"मॅडम, तुमच्यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले. "पण लोक बिथरलेत. आरतीला मी सुट्टीवर पाठवतो. तोवर खोली बंद ठेवायची का, बघा."

"तुम्ही मूळचे कुठले, सर?" मॅडमनी विचारलं.

"इथलाच. पारनेर तालुका. चुलते शुगरला होते, त्यांच्या जिवावर शिकलो."

चुलते शुगरला. संशयाच्या यादीतल्या त्यांच्या नावावर मी मनातल्या मनात काट मारली.

त्याच दुपारी आरती नागपूरच्या गाडीला बसली. चटयांच्या खोलीला माझ्या हातानं कुलूप लावलं. मग टॅबवर माझं नाव दाबून मी आणि मॅडम मोकळ्या खोलीत बसलो. पंखा पलीकडे घरघरत होता. मला कुठूनसं एकदम भरून आलं.

"गोरक्षनाथच्या बायकोनं विहिरीचं नाव काढल्यापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही," मी म्हणाले. "डोळे मिटले की पाणी दिसतं."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे केला, मग तो मला आवडणार नाही हे लक्षात येऊन मागे घेतला. आम्ही दोघी थोडं हसलो. तेवढंच.

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसले होते. मोबाईल वाजला, अनोळखी नंबर. मी हॅलो म्हणायच्या आतच ती बोलायला लागली.

आवाज खरंच गोड होता. माझ्या नावाआधी ती किंचित थांबली, जसं कुणी जिना चढण्याआधी पाय उचलून थांबावं.

"रेश्मा, तुम्हाला निद्रानाश आहे. हे तुम्ही कंपनीपासून लपवले आहे. राजीनामा द्या, अन्यथा सर्वांना समजेल."

मी विचारलं, "कोण बोलतंय?"

तिनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तितक्याच गोडीनं, तिथेच थांबून.

४

"पुन्हा सांगा," मॅडम म्हणाल्या. "शब्द बदलू नका."

"निद्रानाश."

"तुम्ही खोलीत काय म्हणालात?"

"डोळ्याला डोळा लागत नाही."

"आणि मी काहीच म्हणाले नाही." त्या खोलीत नव्हे, बाहेर गुलमोहराखाली उभ्या राहून बोलत होत्या. आत जायला आम्ही दोघी तयार नव्हतो. "छगनकाका शुगर म्हणाले, बाई मधुमेह म्हणाली. ऐकणारा माणूस ऐकलेलाच शब्द पुढे नेतो, रेश्माताई. कुचाळकी करणाराही. तो 'शुगर' म्हणाला असता, 'झोप येत नाही' म्हणाला असता. इथे कुणीतरी आपलं बोलणं धुऊन, इस्त्री करून पुढे दिलंय."

बोलता बोलता त्या थांबल्या. चेहरा उतरला.

"शेवटी 'मार'," त्या हळू म्हणाल्या. "अपस्मार."

"म्हणजे?"

"फिट. पुस्तकात फिटला अपस्मार म्हणतात. तो खोलीत फिटच म्हणाला होता, मीही फिटच म्हणाले. त्याला कळलंच नसणार. त्याला वाटलं असणार, फिटच्या वर हे काहीतरी नवं लागलंय."

आपल्याला असलेल्याच आजाराच्या नावाला भिऊन एक माणूस घर सोडून गेला होता, आणि त्याला हे सांगायला तो सापडत नव्हता.

आरती गावाला, चटयांना कुलूप, चाचांचा पंखा चालू. त्या दुपारी खोलीत आम्ही दोघी होतो. आणि तो टॅब.

"यंत्र ऐकतंय," मी म्हणाले.

"ऐकतंय, आणि शुद्ध मराठीत सारांश लिहितंय. पण राजीनामा माग, असं यंत्र स्वतःहून म्हणणार नाही. सारांश कुणीतरी वाचतंय. ते कोण, हे काढायचं."

मॅडमनी छगनकाकांना बोलावलं. काय करायचं ते बाहेरच समजावलं. काका आत गेले, आपलं नाव आणि रडका चेहरा दाबला आणि टॅबसमोर बसून एकच वाक्य बोलले: "मॅडम, उसाला पानी देताना मला पान लागलं हुतं, तवापास्नं जीव थाऱ्यावर न्हाई." बाहेर येऊन म्हणाले, "लई अवघड हाय बाबा, काचंपुढं रडनं."

नंतर मॅडम मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि उपक्रमाची बैठक मागितली. सगळ्यांसमोर. विषय एकच: आरोग्य समितीवर कामगारांचा माणूस घ्यायचा, छगनकाका.

५

बैठकीला मोठे साहेब होते. ते गुजरातकडचे, मराठी समजायचं पण बेतानं. आदिनाथ सर बाह्या दुमडून बसले होते. बाबाजानचाचा चहा घेऊन आले आणि मॅडमनी त्यांना थांबवून घेतलं. ज्ञानेश्वरी दाराजवळ उभी होती. छगनकाका खुर्चीच्या काठावर टेकले होते.

मॅडमनी काकांचं नाव सुचवलं.

"माझी हरकत नाही," आदिनाथ सर म्हणाले, "पण आरोग्य समितीवर पानाचं व्यसन असलेला माणूस? लोक हसतील."

चाचांनी कपबशी ठेवली.

"साहेब," चाचा म्हणाले, "गेटसमोरची पानटपरी माझ्या भावाची हाय. ह्यो मानूस तिथं सुट्टे मागायला बी येत न्हाई."

काकांनी ओठ फाकवून दात दाखवले. पानाचा एक डाग नव्हता.

"हे तुम्हाला कोण म्हणालं, सर?" मॅडमनी विचारलं.

"असं... कानावर आलं."

"कानावर." मॅडम काकांकडे वळल्या. "काका, काल खोलीत जे बोललात ते इथे बोला. जसंच्या तसं."

"उसाला पानी देताना मला पान लागलं हुतं."

मी सगळ्यांच्या नजरा बघत होते, तेच माझं काम. चाचांनी पाहिलं ते काकांच्या पायाकडे. ज्ञानेश्वरीनं पायाकडे. मी मुद्दाम बघत होते तरी माझीही नजर तिकडेच गेली. पान लागलं म्हणजे साप चावला, सापाचं नाव रानात घेत नाहीत म्हणून तसं म्हणायचं. मोठे साहेब एकटेच काकांचे दात बघत राहिले.

आणि आदिनाथ सरांची नजर टेबलाखाली, काकांच्या घोट्यावर होती.

"तुम्ही पायाकडे बघितलंत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बघणारच. तुम्ही इथले. कानानं ऐकलं असतं, तर व्यसन कधीच म्हणाला नसता. शुगरचंही तसंच. तुमचे चुलते शुगरला होते. हे तुम्ही ऐकलं नाहीत सर, वाचलंत. यंत्रानं लिहून दिलं आणि तुम्ही स्वतःच्या भाषेपेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवलात."

"टॅब माझ्या एकट्याचा नाही. कंपनीचा आहे."

"आणि पानाचं व्यसन? ते वाक्य काल त्या टॅबशिवाय कुणी ऐकलं नाही. त्याचा सारांश कुणाकडे जातो, ते टॅब देणाऱ्यांना आत्ता इथून विचारायचं का?"

आदिनाथ सरांनी दुमडलेली बाही सोडली आणि बटण लावायला लागले. बटण लागेना.

मॅडमनी टॅब आणून टेबलावर ठेवला आणि त्याचा बंद केलेला आवाज सुरू केला.

"नमस्कार," खोलीत एक गोड बाई बोलली. "आपले मन मोकळे करा."

ज्ञानेश्वरी भिंतीला चिकटली. "हीच," ती म्हणाली. "हीच बाई. बंद करा तिला. आधी बंद करा."

आदिनाथ सर बोलले, ते टेबलाकडे बघत. या वर्षी ज्यांना कायम करायचं होतं, त्यांच्यात दुखणाईत माणसं नकोत, असं वरून तोंडी आलं होतं. "मी कुणाला काढलं नाही. आपणहून जावीत, एवढंच बघितलं. वाक्य लिहून दिलं की ती बोलते. माझ्याच्यानं त्यांच्याशी बोलणं झालं नसतं."

'वरून' म्हणताना त्यांनी वर पाहिलं नाही. मोठे साहेब तेवढ्यात चहा ढवळायला लागले. बिनसाखरेचा होता. तेही मी लिहून ठेवलं.

६

खर्ड्याहून फोन आला तो गोरक्षनाथच्या मावशीचा, बनुबाईचा. घरी येत नाही, म्हणाली. किल्ल्याच्या तटावर बसून असतो. भाकरी ठेवून आलं की नंतर खातो. माणूस जवळ गेलं की आणखी कडेला सरकतो.

ती कडेची गोष्ट ऐकल्यावर मी, मॅडम आणि ज्ञानेश्वरी तशाच गाडीत बसलो आणि जामखेडमार्गे खर्ड्याला निघालो.

तटावर वारा होता. तो पाय बाहेर सोडून बसला होता, खाली दगडं. आम्हाला बघितल्यावर त्यानं हात कडेला टेकवला. ज्ञानेश्वरी तिथेच थांबली. मॅडमही थांबल्या आणि लांबूनच बोलल्या.

"गोरक्षनाथ, अपस्मार म्हणजे फिट."

त्याचा हात कडेवरच होता.

"पुस्तकात तसं म्हणतात. दुसरं काही नाही. तुम्हाला जे होतं तेच आहे, नवीन काही लागलेलं नाही."

"फिटच?"

"फिटच."

"त्ये मार म्हंजी मरनार, असं न्हाई?"

"नाही."

त्यानं एक पाय आत घेतला. मग दुसरा. ज्ञानेश्वरी पुढे गेली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला इतक्या जोरात ओढलं, की दोघं धुळीत बसले. "फिटला भिऊन कुनी किल्ल्यावर जातं व्हय," ती म्हणत होती, आणि हात सोडत नव्हती.

मॅडमनी त्याला सगळं सांगितलं. प्रेसवर परत जायचं नाही, फिट येणाऱ्या माणसाला तिथे बसवणंच चूक होतं. पॅकिंगला काम देऊ, असं मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर कबूल केलंय. आणि ती बाई बाई नव्हतीच, ते यंत्र होतं, खोलीतलंच.

मला वाटलं हे ऐकून तो सुटेल. पण त्यानं अंग आकसून घेतलं.

"म्हंजी मी मॅडमशी बोलत हुतो," तो सावकाश म्हणाला, "तवा ती तिथंच बसल्याली?"

मॅडमनी मान डोलावली.

"मला अजून बोलायचं हाय तुमच्याशी," तो मॅडमना म्हणाला. "लई हाय." मग त्याची नजर आमच्या हातांकडे गेली. माझ्या हातात मोबाईल होता. मॅडमच्या पर्समधून त्यांचा डोकावत होता. "आधी ते खाली गाडीत ठिवून या. तिचा बी," त्यानं बायकोकडे बोट केलं.

मी तिघींचे मोबाईल घेतले, तट उतरले, गाडीच्या सीटवर ठेवले, काचा वर केल्या, दार लावलं. कुलूप लागलं का ते दोनदा ओढून बघितलं.

वर आले तेव्हा तो बोलायला लागला होता. हलक्या आवाजात, मधूनमधून मागे वळून बघत.